कोरियन अनुवाद: 'रिफ्रॅक्टरी ॲनिमिया'साठी नेमका शब्द कोणता?

नीलांबरी_निगडी

नमस्कार मंडळी. मी कोरियन-इंग्रजी अनुवाद करते. एरवी माझं काम कारखान्यांचं असतं: मशीनची मॅन्युअल्स, सुरक्षेच्या सूचना, ऑडिटचे अहवाल. पण चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात कोरियन कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे अधूनमधून दवाखान्याचे कागदही येतात. सध्या हातात आहे तो एका कोरियन आजींचा रिपोर्ट. मुलाकडे राहायला आल्या होत्या, तपासण्या इथेच झाल्या. सोलमधल्या त्यांच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी कोरियन प्रत हवी आहे, आणि आजींना स्वतःलाही वाचायची आहे.

शेवटच्या ओळीत लिहिलंय, 'रिफ्रॅक्टरी ॲनिमिया, बोन मॅरो तपासणीचा सल्ला'. ॲनिमियाला कोरियनमध्ये 'बिनह्यॉल', त्यात शंका नाही. 'बिन' म्हणजे दारिद्र्य, 'ह्यॉल' म्हणजे रक्त. प्रश्न आहे तो रिफ्रॅक्टरीचा. मला चार शब्द सापडले:

'बुरुंगसॉंग', म्हणजे प्रतिसाद न देणारा. 'नानचिसॉंग', बरा व्हायला कठीण. 'चॉहांगसॉंग', प्रतिकार करणारा. आणि 'नेसॉंग', जो औषधांना सरावलेल्या जंतूंसाठी वापरतात.

चारही शब्द कोरियन वैद्यकीय लिखाणात सर्रास दिसतात. मग इथे कुठला? कोरियन येणारे आणि डॉक्टर, दोघांनीही सांगावं ही विनंती.

सोलकढी_इन्चॉन

नीलांबरी, निदानाचं नाव म्हणून उत्तर एकच: 'बुरुंगसॉंग बिनह्यॉल'. कोरियाचं आजारांचं सरकारी वर्गीकरण आहे, केसीडी. ते आंतरराष्ट्रीय आयसीडीवरच बेतलेलं आहे आणि त्याची आठवी आवृत्ती २०२१ मध्ये लागू झाली. त्यात डी४६ या गटात रिफ्रॅक्टरी ॲनिमियासाठी सगळीकडे बुरुंगसॉंग बिनह्यॉल हाच शब्द दिसतो. डी४६.४ म्हणजे 'प्रकार न सांगितलेला बुरुंगसॉंग बिनह्यॉल'. इथले, म्हणजे कोरियातले, डॉक्टर आपापसात आणि केसपेपरवर इंग्रजीच वापरतात, पण रुग्णाच्या हातात जो 'चिंदान्सॉ', म्हणजे निदानाचा दाखला पडतो, त्यावर कोरियन नाव आणि कोड असतो. विम्याचे लोक तो कोडच बघतात. त्यामुळे इथे स्वतःचा शब्द योजू नका.

पांथस्थ

वाचतोय. विषय कधी डोक्यातही आला नव्हता.

तोक्यो_व्हाया_टिळकरोड

सोलकढीशी सहमत. जपानीतही हेच: 'फुओओसेइ हिनकेत्सु'. चिनी अक्षरं तीच, फक्त उच्चार वेगळे. कोरियन वैद्यकीय शब्दांचा मोठा भाग जपानी वाटेनं आलेला आहे. सोलच्या जेजुंगवॉन रुग्णालयात किम पिल-सुन यांनी कोरियनमध्ये शरीररचनाशास्त्राचं पुस्तक तयार केलं ते १९०६ मध्ये, आणि तेही जपानी पुस्तकावरून.

आणखी एक खूण देतो. हृदयाच्या किंवा मज्जातंतूच्या 'रिफ्रॅक्टरी पीरियड'ला कोरियनमध्ये 'बुरुंग्गी' म्हणतात. धागा तोच: उद्दीपन दिलं तरी प्रतिसाद नाही.

शब्दपारखी

मराठीत तर याला तयार बोलच आहे. आजार औषधाला 'दाद देत नाही'. 'दाद न देणारा रक्तक्षय' म्हटलं की खेड्यातल्या माणसालाही कळेल. हिंदी पाठ्यपुस्तकांतला 'अरक्तता' मला कधी पटला नाही, त्यातून रक्तच नाही असा अर्थ निघतो.

डॉ_पेशीवाचक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नागपूरला. भाषेतलं तुम्ही बघा, मी वैद्यकातलं सांगतो, कारण इथे एका इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते वेगळे केले नाहीत तर अनुवाद अचूक असूनही घात करेल.

पहिला अर्थ साधा, वर्णनाचा. लोह दिलं, बी१२ दिलं, फॉलिक ॲसिड दिलं, तरी हिमोग्लोबिन वर येत नाही. ऱ्होड्स आणि बार्कर यांनी १९३८ मध्ये शंभर रुग्णांचा लेख लिहिला तो या अर्थानं. त्यांच्या त्या शंभरात आजच्या हिशेबानं अनेक वेगवेगळे आजार असणार.

दुसरा अर्थ निदानाचा. १९८२ मध्ये फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश तज्ज्ञांच्या गटानं मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचे, म्हणजे एमडीएसचे, पाच प्रकार पाडले. त्यातल्या पहिल्याचं नाव 'रिफ्रॅक्टरी ॲनिमिया', दुसऱ्याचं 'रिंग सिडेरोब्लास्टसह रिफ्रॅक्टरी ॲनिमिया', तिसऱ्याचं 'ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, वाढलेला रिफ्रॅक्टरी ॲनिमिया'. हा अस्थिमज्जेचा आजार आहे. मज्जेत पेशी बहुधा भरपूर असतात, पण त्यांची घडण बिघडलेली असते. त्या रक्तात उतरण्याआधीच मरतात. काही रुग्णांत पुढे ल्युकेमिया होतो. म्हणजे हा ॲनिमिया नावाचा आजार नव्हे, ॲनिमिया हे त्याचं दिसणारं तोंड.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानं ही नावंच काढून टाकली. आता पेशींच्या किती ओळी बिघडल्यात, ब्लास्ट किती टक्के आहेत यावरून नाव ठरतं. २०२२ च्या आवृत्तीत 'सिंड्रोम'च्या जागी 'निओप्लाझम' आलं, एमडीएस ही अक्षरं तशीच ठेवून. पण आयसीडीच्या कोडांत जुनी नावं जिवंत आहेत आणि अनेक डॉक्टरांच्या हातालाही तीच सवय आहे.

तेव्हा नीलांबरीताई, रिपोर्टमधले बाकीचे आकडे सांगता येतील का? नाव-गाव अर्थातच नको.

नीलांबरी_निगडी

डॉक्टर, मनापासून आभार. आकडे असे: हिमोग्लोबिन ७.८, एमसीव्ही १०८, पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट्स ९६,०००. फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचं माप, वाढलेलं आहे. खाली शेरा आहे, 'अंडाकृती मोठ्या लाल पेशी, काही न्यूट्रोफिल्समध्ये केंद्रकाचे दोनच भाग'. यातलं मला फारसं कळत नाही, पण शब्दशः करून ठेवलंय.

डॉ_पेशीवाचक

हे आकडे पाहता लोहाच्या कमतरतेचं चित्र नाही. त्यात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, कमी होतं. इथे १०८ आहे, पेशी मोठ्या आहेत. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी आहेत. न्यूट्रोफिलच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या, केंद्रकाचे दोनच भाग दिसणं ही एमडीएसमध्ये आढळणारी खूण आहे. ज्यांनी स्लाइड पाहिली त्यांनी ती नीट पाहिली आहे.

पण मोठ्या पेशी बी१२ आणि फॉलिक ॲसिडच्या अभावातही दिसतात. कोरियन रुग्ण म्हटल्यावर मी आणखी एक विचारेन: पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे का? कोरियात जठराच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे, जठर काढलेले लोक बरेच. जठर काढल्यावर बी१२ शोषलं जात नाही आणि काही वर्षांनी असाच मोठ्या पेशींचा ॲनिमिया येतो. तोंडानं घेतलेलं लोहही नीट शोषलं जात नाही. तो ॲनिमिया नेहमीच्या गोळ्यांना बहुधा दाद देत नाही, पण इंजेक्शनला छान देतो. त्याला 'रिफ्रॅक्टरी' म्हणणं चूक.

म्हणून शब्द ठरवण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकच विचारा: तुम्हाला वर्णन अभिप्रेत आहे की एमडीएस?

रानजाई

मला थोडं वेगळं वाटतं. मी सोशल वर्कर म्हणून रुग्णालयात काम केलंय, कोरियनही शिकले आहे. 'बुरुंगसॉंग' हा शब्द कोरियन आजीला काही सांगत नाही. पुस्तकी आहे. 'नानचिसॉंग' तिला कळेल, 'नानचिब्यॉंग' म्हणजे दुर्धर आजार हे टीव्हीवरही रोज ऐकू येतं. डॉक्टरांनी सांगितलं तसं हे जर गंभीर असेल, तर गांभीर्य पोचवणारा शब्द का नको? आजींना स्वतःला वाचायचंय असं धाग्यातच लिहिलंय.

सोलकढी_इन्चॉन

रानजाई, मुद्दा समजला, पण मी विरोधात आहे. 'नानचि'मध्ये निकाल आहे: बरा होणं कठीण. 'बुरुंग'मध्ये निरीक्षण आहे: दिलेल्या उपचाराला प्रतिसाद नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं निरीक्षण लिहिलं असताना अनुवादकानं निकाल का द्यावा? एपिलेप्सीत 'नानचिसॉंग' रूढ आहे, तिथे तोच लिहायचा. मायलोमा हा मज्जेचा कर्करोग उलटून आला आणि औषधाला जुमानत नसला तर 'बुरुंगसॉंग'. इन्सुलिनच्या बाबतीत 'चॉहांगसॉंग'. अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंना 'नेसॉंग'. प्रत्येक आजारानं आपापला शब्द धरलेला आहे, आपण त्यात अदलाबदल करायची नाही.

आजींना कळावं यासाठी शब्द बदलण्याची गरज नाही. खाली एक सरळ वाक्य लिहायचं: 'लोह किंवा जीवनसत्त्वं देऊनही सुधारत नाही असा रक्तक्षय'. कोरियन डॉक्टरही रुग्णाला असंच सांगतात.

खरी अडचण दुसऱ्या शब्दात आहे, 'बिनह्यॉल'मध्ये. त्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही. कोरियात उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली की लोक सहज म्हणतात, 'मला बिनह्यॉल आहे'. रक्त तपासलेलंही नसतं. बऱ्याचदा तो उभं राहताना रक्तदाब उतरण्याचा प्रकार असतो. मग घरचे काय करतात? 'छॉल्बुंजे', म्हणजे लोहाच्या गोळ्या आणतात आणि 'सॉन्जी हेजांगगुक' खायला घालतात. साकळलेल्या बैलाच्या रक्ताचे तुकडे घातलेलं सूप असतं ते. त्यामुळे दाखल्यावर बिनह्यॉल दिसलं की घरात कुणी घाबरत नाही. 'आई दमली असेल, नीट जेवत नाही' एवढ्यावर भागतं.

मैत्रेय_कोथरूड

सोलकढी, तुम्ही लिहिलंत ते कोरियाचं असेल, पण आमच्याही घरात हेच झालं. वडिलांना एमडीएस होता. पहिल्या कागदावर 'रिफ्रॅक्टरी ॲनिमिया' लिहिलं होतं. आम्ही 'ॲनिमिया' एवढंच वाचलं. आत्या बीट, खजूर आणि गूळशेंगदाणे पाठवत राहिली. लोहाच्या गोळ्या स्वतःहूनच चालू केल्या कुणीतरी. पुढे हेमॅटॉलॉजिस्टनी सांगितलं की या आजारात वारंवार रक्त चढवावं लागतं, प्रत्येक पिशवीतून लोह शरीरात जातं आणि साठत राहतं, ते बाहेर काढायला वेगळं औषध लागतं. ज्यांच्या अंगात लोह आधीच जास्त आहे त्यांना आम्ही लोह भरवत होतो.

त्यांचा फेरिटिनचा कागद अजून माझ्याकडे आहे. वरच्या बाजूला निळ्या शाईनं आईनं लिहिलंय, 'पालेभाजी वाढवणे'.

नीलांबरीताई, जे काही लिहाल त्यात 'हा मज्जेचा आजार आहे' हे कुठेतरी येऊ द्या. एवढीच विनंती.

शब्दपारखी

मैत्रेय, वाचून गलबलून आलं.

घारूअण्णा_ठाणे

जरा वेगळा प्रश्न विचारतो. आमच्या सुनेचं हिमोग्लोबिन कायम ९.५ ते १० च्या आसपास. रक्तवाढीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, फरक शून्य. तिलाही हेच म्हणायचं का? धागा वाचून घरात सगळे काळजीत पडलेत.

डॉ_पेशीवाचक

घारूअण्णा, काळजी करू नका, पण गोळ्या आंधळेपणानं चालूही ठेवू नका. तरुण बाईचं हिमोग्लोबिन असं एका जागी अडलेलं असेल तर आपल्याकडे सगळ्यात आधी थॅलेसेमिया मायनरचा विचार करावा. त्यात पेशी लहान असतात पण संख्येनं भरपूर. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी एकदाच करायची. थॅलेसेमिया मायनर असेल तर तो आजार नव्हे, फक्त मुलाबाळांच्या विचारानं नवऱ्याचीही तपासणी करून घ्यायची. सोबत फेरिटिन बघा.

बाकी कारणं सांगायची तर गोळीबरोबर चहा घेणं, मासिक पाळीत जास्त रक्त जाणं, जंत, सिलिॲक, जठरातला हेलिकोबॅक्टर. आणि अगदी विरळा, पण खरोखरच लोहाला दाद न देणारा असा एक आनुवंशिक प्रकार आहे. टीएमपीआरएसएस६ या जनुकातल्या बिघाडानं तो होतो हे २००८ मध्ये कळलं. हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं राहतं आणि आतड्यातून लोह आत येऊच देत नाही. या मुलांना शिरेतून लोह दिलं तरी अर्धवटच उपयोग होतो.

सोलकढी_इन्चॉन

त्या शेवटच्या प्रकाराचं कोरियन नाव बघा, त्यातही 'छॉल बुरुंगसॉंग' आहे: 'लोहाला प्रतिसाद न देणारा लोहाच्या कमतरतेचा बिनह्यॉल'. इथे कशाला प्रतिसाद नाही हे नावातच सांगितलंय. एमडीएसच्या जुन्या नावात ते सांगितलेलं नाही, सगळा घोळ तिथेच आहे.

वैद्य_कृष्णाकाठ

उत्तम चर्चा. आयुर्वेदाची एक गोष्ट मांडतो. चरकसंहितेत आजार आधी साध्य की असाध्य हे पाहतात. साध्यात दोन, सुखसाध्य आणि कृच्छ्रसाध्य. असाध्यातही दोन, याप्य आणि प्रत्याख्येय. याप्य म्हणजे मुळातून बरा होत नाही पण उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहतो. रानजाईंचा 'नानचि' हा कृच्छ्रसाध्याच्या जवळ जातो. पण डॉक्टरांनी जे वर्णन केलं ते बऱ्याच रुग्णांत याप्य वाटतं. पांडुरोगावर लोह आणि मंडूर देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि म्हणूनच लोहानं न उतरणारा पांडू वेगळा ओळखता आला पाहिजे.

रानजाई

वैद्यराज, 'याप्य' शब्द फार आवडला. आणि सोलकढी, निरीक्षण आणि निकाल हा फरक पटला. माझा आग्रह मागे घेते. पण खालचं सरळ वाक्य हवंच, त्यावर ठाम आहे.

इतिहासवेडा_परळ

'औषधाला दाद न देणारा ॲनिमिया' म्हटल्यावर मुंबईची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये मोठ्या लाल पेशींचा भयंकर ॲनिमिया होता, त्यात बायका दगावत होत्या. त्या काळी पर्निशस ॲनिमियावर, म्हणजे बी१२ शोषलं न गेल्यानं होणाऱ्या ॲनिमियावर, यकृताचा उपचार नुकताच सापडला होता. मिनॉट आणि मर्फी यांचं काम १९२६ चं, पुढे १९३४ मध्ये व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. पण पर्निशस ॲनिमियात गुण देणारा यकृताचा शुद्ध अर्क या बायकांना लागू पडेना. म्हणजे त्या वेळच्या अर्थानं हा रिफ्रॅक्टरीच.

विल्सबाईंनी त्यांचा आहार पाहिला, उंदीर आणि माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा स्वस्तातला अर्क देऊन पाहिला. मार्माइट. रक्त भराभर सुधारलं. १९३१ मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. त्यातल्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणत. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला जी गोळी देतात तिची मुळं परळमध्ये आहेत. मुंबईत याची आठवण ठेवणारं काही ठळक असायला हवं असं मला फार वाटतं.

डॉ_पेशीवाचक

इतिहासवेडा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. कारण सापडेपर्यंतच 'रिफ्रॅक्टरी', सापडलं की दुसरं नाव. एमडीएसमध्येही तेच चाललंय. पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल तर लेनालिडोमाइड हे औषध लागू पडतं. रिंग सिडेरोब्लास्ट असलेल्यांमध्ये बहुधा एसएफ३बी१ जनुकात बदल असतो, त्यांच्यासाठी लसपॅटरसेप्ट आलंय. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला मान्यता मिळाली. या लोकांना आता 'प्रतिसाद न देणारे' म्हणणं खरं राहिलेलं नाही.

पांथस्थ

लूसी विल्स हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. परळमध्येच वाढलो मी. धन्यवाद इतिहासवेडा.

भाषाभगिनी

कोरियनमधला मराठी भाषाशुद्धीसारखा काही प्रकार आहे का? म्हणजे चिनी-जपानी मुळाचे शब्द काढून अस्सल कोरियन आणणं?

सोलकढी_इन्चॉन

आहे, आणि डॉक्टरांनी स्वतः केलेला. कोरियन मेडिकल असोसिएशनचा परिभाषा कोश १९७७ पासून निघतो. २००१ च्या चौथ्या आवृत्तीत अस्सल कोरियन शब्दांचा जोर होता. ऑस्टिओपोरोसिसला रूढ शब्द 'गोल्दागोंग्जुंग', म्हणजे हाडात पुष्कळ भोकं असण्याचा आजार. त्याऐवजी 'प्प्यॉ-ऑंगसॉंग-जुंग' आला, हाड विरविरीत होण्याचा आजार. लोकांनी तो उचलला नाही. थायरॉइडचा 'गाप्सांगसेम' मात्र जुन्या 'गाप्सांगसॉन'च्या बरोबरीनं चालतो. पुढच्या आवृत्त्या बऱ्याच ठिकाणी दोन्ही शब्द ठेवतात.

काही बदल मात्र फार चांगले झाले. या धाग्याशी संबंध असलेला एक सांगते. रिंग सिडेरोब्लास्टमधल्या 'रिंग'ला पूर्वी 'ह्वान्सांग' म्हणत, म्हणजे कड्याच्या आकाराचा. पण 'ह्वान्सांग' असाच उच्चार असलेला दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ आभास, कल्पनाविलास. चिनी अक्षरं वेगळी, पण कोरियन लिपीत दोन्ही अगदी सारखे दिसतात. आता तिथे 'गोरी' आलाय. गोरी म्हणजे कडी, लहान मुलालाही कळेल असा. मायक्रोस्कोपखाली केंद्रकाभोवती लोहाच्या निळ्या ठिपक्यांचं कडं दिसतं, ते या शब्दातून डोळ्यांपुढे येतं.

आणि २०११ मध्ये स्किझोफ्रेनियाचं नाव बदललं. जुन्या शब्दाचा अर्थ होता 'मन दुभंगण्याचा आजार'. नवा 'चोह्यॉन्ब्यॉंग', त्यात 'चोह्यॉन' म्हणजे तंतुवाद्याची तार लावणं. रुग्णांच्या घरच्यांनी मागणी केली होती. भाषाशुद्धीपेक्षा मला हे मोठं वाटतं.

तोक्यो_व्हाया_टिळकरोड

अवांतर: यंत्राच्या भाषांतरावर विसंबणाऱ्यांसाठी एक इशारा. मी पूर्वी भट्ट्यांच्या कंपनीत होतो. तिथे 'रिफ्रॅक्टरी' म्हणजे उष्णता सहन करणारी वीट. कोरियनमध्ये 'नेह्वा', आग सोसणारं. तिथला 'ने' आणि 'नेसॉंग'मधला 'ने' एकच. कारखान्याचे कागद करणाऱ्याच्या शब्दसंग्रहात हा शब्द आधीपासून बसलेला असतो, आणि अनुवादाचं सॉफ्टवेअर जुनी जोडी आपोआप पुढे करतं. नीलांबरी, तुमचं रोजचं काम कारखान्यांचं आहे म्हणून मुद्दाम लिहितोय, वैद्यकीय कामासाठी वेगळी शब्दसूची ठेवा.

भाषाभगिनी

आग सोसणारा ॲनिमिया! सोलमधल्या डॉक्टरांनी डोक्याला हात लावला असता.

नीलांबरी_निगडी

सगळ्यांची ऋणी आहे. सूची आजच वेगळी केली.

आता मूळ प्रश्नाकडे. आजींच्या मुलाच्या परवानगीनं इथल्या डॉक्टरांशी बोलले. पोटाची शस्त्रक्रिया झालेली नाही. बी१२ आणि फॉलेट तपासले होते, दोन्ही ठीक आहेत. तरीही काही आठवडे दिले, उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, 'मला एमडीएसचाच संशय आहे, सवयीनं जुनं नाव लिहिलं गेलं. मॅरो झाल्याशिवाय पक्कं म्हणणार नाही.' मी त्यांना विचारलं की हे शब्द माझ्या मनानं घालता येणार नाहीत, तुम्ही रिपोर्टवर लिहून द्याल का? त्यांनी लगेच सुधारित रिपोर्ट दिला: 'रिफ्रॅक्टरी ॲनिमिया, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचा संशय, अस्थिमज्जा तपासणी आवश्यक.'

म्हणून कोरियनमध्ये 'बुरुंगसॉंग बिनह्यॉल', पुढे 'गोल्सु ह्यॉंगसॉंग इसांग चुंगहुगुन'चा संशय, आणि सोलकढींचं सरळ वाक्य वेगळ्या कागदावर, डॉक्टरांना दाखवून. मैत्रेय, 'मज्जा' या अर्थाचा 'गोल्सु' आता पहिल्याच ओळीत आहे.

मैत्रेय_कोथरूड

फार बरं वाटलं. आजींना आराम पडो.

रानजाई

कागद नुसता हातात देऊ नका, शक्य असेल तर समोर बसून वाचून दाखवा. आणि लोहाच्या गोळ्या कुणी घरी चालू केल्यात का तेही विचारा.

नीलांबरी_निगडी

विचारलं. चालू होत्या, सोलहून मुलीनं पाठवलेल्या. डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या आहेत.

एक शेवटची शंका. मॅरोचा रिपोर्ट आला की त्यात 'ब्लास्ट' येणारच. कोरियनमध्ये मला 'मोसेपो' आणि 'आसेपो' दोन्ही दिसतात. कुठला घेऊ?

सोलकढी_इन्चॉन

'मोसेपो'. 'मो' म्हणजे आई, 'आ' म्हणजे अंकुर. जुन्या पुस्तकांत अंकुरवाला आढळेल, पण केसीडीत आणि आताच्या लिखाणात आईवाला रुळलाय. लाल पेशींच्या बाबतीतही तसंच, जुना 'चॉगागु', नवा 'चॉख्यॉल्मोगु'. एका रिपोर्टमध्ये दोन्ही मिसळू नका, वाचणाऱ्याला दोन वेगळ्या पेशी वाटतील.

डॉ_पेशीवाचक

आणि ब्लास्टचा आकडा टक्क्यांसह जसाच्या तसा उतरवा, दशांशसुद्धा. पाचाच्या खाली, पाच ते नऊ, दहा ते एकोणीस, आणि वीसपासून पुढे ल्युकेमिया, असे टप्पे आहेत. उपचार त्यावर ठरतात. सोबत गुणसूत्रांचा रिपोर्ट येईल, त्यातली अक्षरं आणि कंस भाषांतरित करायचे नसतात, ती खूणलिपी जगभर एकच आहे. अडलं तर इथेच विचारा.